माळ्यावरचा जुना टीव्ही गेम चालू करायचाय? आधी अडॅप्टर लांब ठेवा

जुना टीव्ही गेम हातात आला की हात शिवशिवायला लागतात, घरातला कुठलातरी अडॅप्टर शोधायचा, पिन बसते का बघायची आणि बटण दाबायचं. नेमकं तेच करू नका. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर आणि असंख्य बिननावाचे जे गेम होते ते जवळजवळ सगळे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होते, म्हणजे जपानमध्ये १९८३ ला आलेल्या मशीनची, आणि कॅसेटही त्याच ६० पिनांच्या. आत बिघडण्यासारखं फार काही नसतं, त्यामुळे "डेड आहे" म्हणून भंगारात जाणाऱ्यांतले बरेचसे डेड नसतातच, एकतर पॉवरची भानगड असते नाहीतर घाण. फक्त क्रम पाळायचा. आधी पॉवर, मग टीव्ही, मग कॅसेट, रिमोट (म्हणजे गेम खेळायचा कंट्रोलर) सगळ्यात शेवटी, कारण पॉवर नीट नसताना कॅसेट पुसत बसलात तर संध्याकाळ जाईल आणि हाती काही लागणार नाही.

तर पॉवर. मूळ अडॅप्टर बहुतेक हरवलेला असतो आणि मग राऊटरचा लावला जातो, तो गेम मारायचा हमखास उपाय. जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतात आणि पिनच्या आतलं टोक मायनस असतं, आणि आजकालच्या राऊटरच्या अडॅप्टरला बहुतेक वेळा आतलं टोक प्लस. नकली मशीनवर साधारण ९ व्होल्ट लिहिलेलं असतं पण आत प्लस का मायनस यात कुणाचा कुणाला मेळ नाही. मशीनच्या पोटावर अर्धगोल आणि ठिपक्याची खूण (ठिपका म्हणजे आतलं टोक, त्याला जोडलेलं प्लस किंवा मायनस बघायचं) छापलेली असेल तर सुटलात, नसेल तर स्क्रू काढून उघडा, चार-पाचच असतात. आत तीन पायांचा एक आयसी दिसेल, मागे भोक असलेली पत्र्याची पट्टी, त्यावर ७८०५ लिहिलेलं. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा ५ व्होल्ट. आता मल्टिमीटर बीपवर, म्हणजे कंटिन्युटीवर टाका, एक टोक मधल्या पायाला, दुसरं अडॅप्टरच्या जॅकमधल्या आतल्या पिनला. बीप वाजली तर आतलं टोक मायनस. बाहेरच्या पत्तीला वाजली तर उलट. दोन्हीकडे नाही वाजली तर बहुतेक मध्ये डायोडचा ब्रिज आहे, मग उलटसुलट कसंही चालतं. ही एवढी एक तपासणी केलीत तर निम्मी रिस्क गेली म्हणून समजा.

अमेरिकेतून कोणी नातेवाइकाने खरा एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचाच अमेरिकन अवतार, आणून दिला असेल तर त्याची गोष्ट वेगळी. त्याचा अडॅप्टर ९ व्होल्ट देतो पण एसी, आणि तो तिकडच्या १२० व्होल्टच्या लाईनसाठी बनवलेला आहे, आपल्या भिंतीत खुपसला तर धूर निघेल. एनईएसच्या आत ब्रिज आहे त्यामुळे इथला साधा ९ व्होल्ट डीसी त्याला चालतो. पण तो एसीवाला अडॅप्टर चुकूनसुद्धा फॅमिकॉमला किंवा आपल्या नकली मशीनला लावू नका.

योग्य अडॅप्टर लावून झाला की कॅसेट न घालता चालू करा आणि ७८०५ च्या उजव्या पायावर मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये आलं तर पॉवर ओके. डाव्या पायावर ९ येतायत आणि उजव्यावर शून्य, तर ७८०५ गेला, चहाच्या पैशात नवीन येतो, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मागा. पण व्होल्टेज खाली बसलंय आणि आयसीला बोट लावता येत नाही इतका तापलाय, तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, आणि शॉर्ट मेन चिपमध्येच असेल तर, नकली मशीनमध्ये ती चिप म्हणजे बोर्डावरचा काळा डांबरासारखा थेंब, तो बदलता येत नाही, सोडून द्या. चित्रावर आडवे पट्टे सरकतायत आणि आवाजात घूं येतंय तर जॅकजवळचा मोठा कपॅसिटर सुकलाय, ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट असा काहीतरी असेल, बघून तसाच नवीन टाका, मायनसची पट्टी ज्या बाजूला होती त्याच बाजूला. एवढा डाग घरी देता येतो, नाहीतर गल्लीतला रेडिओ-टीव्हीवाला देईल.

टीव्हीची कटकट खरं म्हणजे नव्या टीव्हीमुळेच होते. अँटेनाची वायर असेल तर टीव्हीवर अॅनालॉग मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये जा आणि गेम चालू ठेवून पूर्ण बँड हळूहळू फिरवा, ऑटो सर्च बऱ्याचदा हे सिग्नल गाळून टाकतं. कॅसेट नसतानासुद्धा एका जागी मुंग्या थांबून स्क्रीन काळी किंवा एकाच रंगाची झाली तर गेमचं चॅनल सापडलं. अस्सल जपानी फॅमिकॉमचं चॅनल मात्र ९१ आणि ९७ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्यात, ते इथल्या टीव्हीवर सहज लागत नाही, त्याला एव्ही आउटपुट काढून घेणंच बरं. पिवळी-पांढरी वायर असेल तर सोपं, पण नव्या टीव्हीला हेडफोनसारखा एकच एव्ही जॅक असतो आणि त्यात ग्राउंड कुठल्या कड्यावर आहे ते कंपनीगणिक बदलतं, म्हणून टीव्हीबरोबर आलेलीच वायर वापरा. चित्र काळंपांढरं येतंय म्हणजे पाल-एनटीएससीचा, म्हणजे टीव्हीच्या दोन रंग-पद्धतींचा घोळ, टीव्हीच्या सेटिंगमध्ये कलर सिस्टिम ऑटो करा. आणि ते स्वस्तातले एव्ही टू एचडीएमआय डबे, चालतात, पण या गेमचं २४० ओळींचं चित्र ते ४८० इंटरलेस समजतात, मग मारिओ लुकलुकतो आणि उडी मारल्यावर पाय जरा उशिरा उचलतो. टीव्हीचा गेम मोड चालू केला तर थोडं बरं होतं.

आता कॅसेट, आणि खरा बिघाड दहातल्या बहुतेक वेळा इथेच असतो. फुंकर मारणं बंद करा. माहितीये, आपण सगळ्यांनी मारलीये आणि ती "चालायची", पण चालायची ते कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, पिना पुन्हा घासून बसतात म्हणून, फुंकरीतून गेली ती फक्त थुंकी, तिच्याने तांबं आणखी खराब होतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातही कोकणातल्या घरात पंचवीस-तीस वर्षं पडलेल्या कॅसेटवर तर आधीच हिरवा थर चढलेला असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए, म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल मागा, ९९ टक्केवालं, सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. इअरबड भिजवून कडेच्या सोनेरी-तांबूस पट्ट्या उभ्या दिशेने पुसा, बड काळा येणं थांबेपर्यंत, दोन्ही बाजू. हिरवा थर निघतच नसेल तर पांढऱ्या साध्या खोडरबरने हलकं घासा आणि चुरा झाडून परत आयपीए. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा एवढासा असतो, तो गेला की कॅसेट कायमची गेली. मशीनचा स्लॉटही विसरू नका, कॅसेट किंचित ओली करून चार-पाच वेळा आत-बाहेर करा, गेम बंद असताना बरं का, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचं नाही. कॅसेट घालताना लेबल आपल्याकडे, उलटी घातली तर पॉवरच भलत्या पिनेवर जाते.

पुसूनही चालली नाही तर स्क्रीन काय सांगतेय ते बघा, कारण या मशीनमध्ये प्रोग्रामच्या पिना वेगळ्या आणि चित्रांच्या पिना वेगळ्या असतात. नुसतीच एकरंगी स्क्रीन, आवाज नाही काही नाही, म्हणजे प्रोग्राम वाचलाच जात नाहीये. पण म्युझिक बरोबर वाजतंय, स्टार्ट दाबल्यावर गेमही सुरू होतोय आणि मारिओच्या जागी अक्षरांचा कचरा पळतोय, तर चित्राच्या बाजूची एखादीच पिन टेकत नाहीये, परत सगळ्या पिना पुसा, किंवा स्लॉटमध्ये टॉर्च मारून एखादी पत्ती दबलीये का बघा आणि सुईने अलगद पुढे ओढा. तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो, चित्र एकदम झकास आणि आवाज गायब. फॅमिकॉममध्ये आवाज मशीनमधून कॅसेटमध्ये जातो आणि कॅसेटमधून परत मशीनमध्ये येतो, ४५ आणि ४६ नंबरच्या पिनांवरून, त्या एका बाजूच्या बरोबर मधल्या दोन. लोक टीव्हीचा स्पीकर खोलून बसतात आणि दुखणं त्या दोन पट्ट्यांवर असतं. काही नकली मशीनमध्ये हे आतच जोडलेलं असतं, पण पुसून बघायला काय जातंय. एवढं करून एक कॅसेट चालत नाही आणि बाकीच्या चालतात तर तिचा काळा थेंब तडकलाय, राहू द्या. आणि ९९९९९९ इन १ मध्ये सहा-सातच गेम फिरून फिरून येतायत म्हणून कॅसेट खराब समजू नका, ती तशीच बनवलेली आहे.

रिमोटमध्ये पाचच वायरी असतात, ५ व्होल्ट, ग्राउंड आणि तीन सिग्नलच्या. सगळीच बटणं मेली असतील तर वायर तुटलीये, नव्वद टक्के रिमोटच्या तोंडाशी जिथे ती वाकते तिथे. उघडा, मोबाईलवर फोटो काढा, कारण रंगांचा काही नियम नाही, दोन इंच वायर कापून नवीन डाग द्या. एखादंच बटण मेलं असेल तर रबराखालचा काळा कार्बन आणि बोर्डावरच्या रेषा आयपीएने पुसा. तरी नाही तर पेन्सिल घासून तात्पुरतं चालतं, ६बी असली तर उत्तम. ९ पिनांचा प्लग सेगाच्या प्लगसारखाच दिसतो पण आतलं वायरिंग वेगळं, सेगाचा रिमोट लावून बघायचा प्रयोग करू नका. तपासायला उत्तम म्हणजे कॉन्ट्राचा ३० लाइफवाला कोड, टायटल स्क्रीनवर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए आणि स्टार्ट, चारही दिशा आणि दोन्ही बटणं त्यात येतात. हा कोड मूळचा कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रेडियससाठी घातला होता, टेस्टिंग करताना त्यांना स्वतःलाच तो गेम जड जात होता म्हणून. आपल्याकडच्या बऱ्याच मल्टी कॅसेटमध्ये कॉन्ट्रा आधीच ३० लाइफ देऊन ठेवलेला असतो, तिथे ही परीक्षा उपयोगाची नाही.

सगळं चालू झालं आणि तरीही "यूट्यूबवर कॉन्ट्राचं म्युझिक फास्ट आहे, माझ्यावर स्लो वाजतंय" असं वाटलं तर तो बिघाड नाही. आपल्याकडे आलेली बरीच नकली मशीन ५० हर्ट्झच्या टीव्हीसाठी होती, गेम लिहिलेले ६० साठी, म्हणून सगळं साधारण १७ टक्के हळू चालतं, उड्या, गोळ्या, म्युझिक, सगळं. रशियात १९९२ पासून डेंडी नावाने विकलं गेलेलं मशीन याच प्रकारचं, म्हणून मेसेन किंवा एफसीईयूएक्ससारख्या इम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) रीजन डेंडी निवडलंत की लहानपणचा स्पीड जसाच्या तसा मिळतो. माझं स्पष्ट मत आहे की कॉन्ट्रा त्याच स्पीडला खेळावा, ६० वर पहिल्याच लेव्हलला घाम फुटतो.

राहता राहिली बंदूक. डक हंटची बंदूक एलईडी टीव्हीवर चालणार नाही, कितीही पुसा. ट्रिगर दाबल्यावर स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदूक तो उजेड त्याच क्षणी शोधते, आणि तो पिक्चर ट्यूबच्या फटाफट उजळण्याच्या हिशोबाने बनवलेला सेन्सर आहे, एलईडीवर चौकोन उशिरा येतो आणि तसा उजळतही नाही. त्यासाठी डबा टीव्हीच हवा. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा, घेण्याआधी चालू करून बघा, पुढे किंवा मागे एव्हीचं भोक आहे का बघा, आणि तो बिघडला तर मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात, ते काम टीव्ही मेकॅनिकचंच.