गावाबाहेर सोडून दिलेला पाळीव कुत्रा दिसला, तर काय करावे?

शहरातून गाडी येते, घाटात किंवा ढाब्याजवळ कुत्रा उतरवते आणि निघून जाते. ‘खेड्यात जगेल कसाही’ अशी सोडणाऱ्याची समजूत. पण गावची कुत्री त्याला हद्दीत टिकू देत नाहीत, रस्त्यावरच्या वाहनांचा त्याला अंदाज नसतो, आणि जुन्नर-अकोले भागातल्या उसात बिबट्याही कुत्र्यांवर जगतो. त्यामुळे मदत लवकर पोचायला हवी.

गळ्यात पट्टा किंवा पट्ट्याचा वळ, एकाच जागी बसून राहणं, प्रत्येक गाडीमागे धावणं ही सोडलेल्या कुत्र्याची खूण. त्याला लगेच धरायला जाऊ नका, घाबरलेलं जनावर चावतं. थोडं अंतर ठेवून खाली बसा, पाणी आणि थोडा साधा भात ठेवा. उपाशी पोटी एकदम भरपूर खायला घालू नका, दुधाने बऱ्याच कुत्र्यांना हगवण लागते. जवळ आला की दोरी बांधून पडवीत न्या, घरच्या कुत्र्यांपासून वेगळा ठेवा. चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. हळद-चुना लावत बसू नका.

मग पशुवैद्यकीय दवाखाना. गोचीड, खरूज तपासून घ्या, जंताचं औषध आणि रेबीजची लस द्या.

फोटो तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, कारण तो हरवलेलाही असू शकतो. मात्र एखादी खूण, म्हणजे डाग किंवा जुना व्रण, मुद्दाम सांगू नका. मालक म्हणून येणाऱ्याला तीच विचारा.

सोडताना कुणी दिसलं, तर गाडीचा नंबर टिपून पोलिसांत तक्रार द्या. उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा स्थितीत जनावर सोडणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 10 ते 50 रुपयेच, आणि हे मला संतापजनक वाटतं. तरीही नोंद व्हायलाच हवी.

नवं घर शोधताना सगळ्यात जास्त काळजी घ्या. लॅब्रेडॉर, पॉमेरेनियनसारख्या मादीला ‘फुकट द्या, सांभाळतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यातल्या काहींना फक्त पिल्लं विकायची असतात. म्हणून नसबंदी करूनच द्या. घर स्वतः जाऊन पाहा, बांधून ठेवणार की मोकळं, रात्री कुठे झोपवणार हे विचारा, आणि महिन्याभराने न कळवता एक चक्कर मारा.