परगावी सरकारी नोकरीची मुलाखत: प्रवास आणि मुक्काम कसा ठरवायचा

मुलाखतीच्या यादीत नाव आलं की घरात पेढे येतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक सल्लाही येतो: "रात्रीच्या गाडीत बस, सकाळी पोचशील." साताऱ्यात हा सल्ला फार सहज दिला जातो. पुणे एकशेदहा किलोमीटर, मुंबई अडीचशेच्या आसपास, म्हणजे रात्री बसलं की उजाडायला मुक्कामी. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. पूर्व आणि मुख्य परीक्षा पार करायला पोरापोरींची वर्षं गेलेली असतात. लॉजचं एका रात्रीचं भाडं वाचावं म्हणून सुजलेल्या डोळ्यांनी मुलाखत मंडळासमोर बसणं हा तोट्याचाच सौदा आहे. प्रवास आदल्या दिवशी दुपारपर्यंत संपावा आणि रात्रीची झोप मुलाखतीच्या जागेजवळ व्हावी. या दोन गोष्टी पक्क्या धरल्या की बाकीची आखणी आपोआप सोपी होते.

आधी पत्र नीट वाचा

तारीख, हजर राहण्याची वेळ, संपूर्ण पत्ता, कागदपत्रांची यादी आणि प्रवासखर्च मिळणार की नाही, एवढं एका वहीत उतरवून घ्या. हजर राहण्याची वेळ वेगळी असते आणि प्रत्यक्ष आत बोलावण्याची वेगळी. आपला हिशेब नेहमी पहिल्या वेळेवर चालतो. पत्त्याच्या बाबतीत ऐकीव माहिती घेऊ नका. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं कार्यालय पूर्वी मुंबईत फोर्टला होतं, आता ते नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला आहे. जुन्या उमेदवाराला विचारलंत तर तो अजूनही सीएसएमटीला उतरायला सांगेल. शिवाय आयोग काही मुलाखती पुणे-नागपूरसारख्या शहरांतही घेतो. तुमच्या पत्रात जो पत्ता छापलाय तोच खरा. वेळापत्रक आयोगाच्या संकेतस्थळावर येतं, तेव्हा मोबाइलवर संदेश येईल म्हणून वाट पाहत बसू नका.

मग घड्याळ उलटं मोजा

समजा पाटण तालुक्यातल्या एका मुलीला मंगळवारी सकाळी नऊला बेलापूरला हजर व्हायचंय. नऊला हजर म्हणजे साडेआठला फाटकाशी, म्हणून मुक्कामाच्या जागेवरून पावणेआठला बाहेर. म्हणजे सहाला उठणं, आणि रात्री दहाला अंथरुणात. त्याआधी जेवण, कपड्यांना इस्त्री, कागदांवरून शेवटचा हात. त्याच्याही आधी दिवसाउजेडी मुलाखतीची जागा पाहून येणं. म्हणजे सोमवारी दुपारी दोन-तीनपर्यंत तिनं खोलीत बॅग टेकवलेली पाहिजे. साताऱ्याहून बेलापूरला एसटीनं साडेपाच-सहा तास धरले तर सोमवारी सकाळी आठच्या आत सातारा स्टँड सोडायला हवं. आणि पाटणहून साताऱ्याला यायचे दोन-अडीच तास वेगळेच.

हा शेवटचा तुकडाच बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. माण-खटावच्या किंवा जतच्या वाडीवरून निघणाऱ्याला पुढच्या मोठ्या प्रवासाची चिंता असते, पण गाडी चुकते ती गावातून स्टँडवर येताना. गावची पहिली एसटी रद्द झाली तर काय, याचं उत्तर आधीच तयार ठेवा. चुलतभावाची मोटारसायकल असो, वडापची जीप असो, किंवा आदल्या रात्री साताऱ्यात मित्राकडे मुक्काम असो.

गाडी ठरवताना

पुण्यासाठी साताऱ्याहून स्वारगेटची विनाथांबा एसटी हा सगळ्यात सोपा मार्ग. फक्त रविवारची संध्याकाळ टाळा. सुट्टी संपवून परतणाऱ्या गाड्यांनी खेड शिवापूरचा टोलनाका आणि पुढे नवले पुलापर्यंतचा रस्ता तुंबतो. सोमवारी मुलाखत असेल तर रविवारी सकाळीच निघा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून राज्यभर निम्मं तिकीट आहे आणि ते शिवनेरीसारख्या गाड्यांनाही लागू आहे. मुलीसोबत आई जाणार असेल तर दोघींचं मिळून एका तिकिटात भागतं, मग एकटीनं जायचा हट्ट कशाला?

बेलापूरला जाताना मुंबईची एसटी कळंबोलीवरून पुढे सायन-पनवेल रस्त्यानं जाते, त्यामुळे दादरपर्यंत जाऊन उलटं यायची गरज नाही. बसतानाच वाहकाला विचारा, "बेलापूरला उतरवाल ना?" खाजगी ट्रॅव्हल्सनं जाणार असाल तर तिकीट काढतानाच उतरायच्या ठिकाणाचं नाव लिहून घ्या. शहराचं नाव तिकिटावर असतं आणि पहाटे चारला उतरवलं जातं बाहेरच्या हमरस्त्यावरच्या एखाद्या पुलाखाली, असा अनुभव अनेकांना येतो.

रेल्वेचं गणित वेगळं. सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे. रात्री स्टँडवरून तिकडे जायला रिक्षा आधी सांगून ठेवावी लागते. सांगलीकरांना मिरज जंक्शन हाताशी असल्यामुळे गाड्यांची निवड जास्त. कोल्हापूर-मुंबई महालक्ष्मी एक्सप्रेस सांगली-मिरजेहून रात्री सुटते आणि साताऱ्यात मध्यरात्रीच्या आगेमागे येते. इथे तारखेची गफलत होते. गाडीची साताऱ्यातली वेळ बाराच्या पुढची असेल तर तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख लागते. सोमवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचं म्हणून सोमवारची तारीख टाकली तर ती गाडी रविवारी रात्रीच निघून गेलेली असते. तत्काळ तिकिटाचा दिवसही गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात, आपल्या स्टेशनवरच्या तारखेवरून नाही. या गाडीनं बेलापूरला जायचं तर कल्याणला उतरा, लोकलनं ठाण्याला या आणि तिथून पनवेलकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल पकडा. मात्र ही रात्रीची गाडी मुलाखतीच्या आदल्या रात्रीची नको, त्याच्याही आधीच्या रात्रीची हवी.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. मुलाखतीची तारीख बहुतेक वेळा त्याहून जवळची असते, म्हणून तारीख कळली त्याच दिवशी तिकीट काढा. तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला वातानुकूलित वर्गाचं आणि अकराला स्लीपरचं सुरू होतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते काम आजच उरकून ठेवा. ऑनलाइन काढलेलं प्रतीक्षा यादीतलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पक्कं झालं नाही तर आपोआप रद्द होतं. अशा तिकिटाच्या भरवशावर राहू नका, जोडीला एसटीचं आरक्षण ठेवा.

ऋतूही बघा. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण अशी आपल्या जिल्ह्यातून जाते. तेव्हा त्या बाजूचे रस्ते वळवलेले असतात आणि एसटीच्या गाड्या पंढरपूरला लागलेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीकरांनी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी पाहत राहावं. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका. पाणी इशाऱ्याकडे सरकायला लागलं की एक दिवस आधीच गाव सोडा, मग मुक्काम एका रात्रीनं वाढला तरी चालेल. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मुक्काम कुठे करायचा

पहिला विचार पाहुण्यांचा येतो, आणि तो वाईट नाही. सातारा-सांगलीकडची कितीतरी माथाडी कुटुंबं कोपरखैरणे, घणसोलीत राहतात. बेलापूरच्या मुलाखतीला यापेक्षा चांगली जागा नाही, कारण तिथून पनवेलची लोकल थेट बेलापूरला नेते. पण पाहुणे डोंबिवली-बदलापूरला असतील तर सकाळच्या गर्दीत दोन लोकल बदलत जाणं आलं. अशा वेळी पाहुण्यांचा मान मुलाखत झाल्यावर राखावा. "आत्या, मुलाखत झाली की संध्याकाळी जेवायलाच येते," असं सरळ सांगावं, आत्या समजून घेते. पाहुण्यांकडे राहायचं ठरलंच तर झोपायची जागा, बाथरूमची वेळ आणि घरात लहान बाळ आहे का, हे फोनवर मोकळेपणानं विचारा. एका खोलीत सहा माणसं आणि रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही असेल तर लॉज बरा.

पुण्यात मित्राकडे, सदाशिव किंवा शनिवार पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीवर उतरायची पद्धत आहे. पैसे वाचतात आणि जेवणाची मेस ओळखीची मिळते. पण त्या खोलीतले सगळेच स्पर्धा परीक्षावाले. "तुला हे विचारतील, ते विचारतील" म्हणत रात्री एकपर्यंत तुमची तयारी घेतली जाते. प्रेमापोटीच घेतात, पण सकाळी डोकं जड होतं. मित्राला आधीच सांगा की दहाला दिवा बंद.

लॉज घ्यायचा तर किमतीच्या आधी अंतर बघा. मुलाखतीच्या जागेपासून चालत किंवा एका रिक्षात पोचता आलं पाहिजे. बेलापुरातले दर जास्त वाटले तर पनवेल स्टँडच्या आसपास बघा. हार्बर मार्गावर बेलापूर तिथून चौथं स्टेशन आहे, गाडी पनवेलहूनच सुटते, त्यामुळे चढायला जागा मिळते. अ‍ॅपवरच्या फोटोंवर न जाता लॉजला स्वतः फोन करा आणि विचारा: गरम पाणी किती वाजता येतं? पहाटे बाहेर पडायला दरवाजा उघडा असतो का? इस्त्री मिळेल का? चेक-आउट दुपारी बाराला की चोवीस तासांचं? खाली मंगल कार्यालय किंवा परमिट रूम आहे का? एकट्या मुलीला खोली देता का, हेही आधीच विचारून घ्या. ऐनवेळी रात्री नकार मिळण्यापेक्षा फोनवर मिळालेला बरा. मूळ ओळखपत्र लागतंच.

शासकीय विश्रामगृहाची खोली ओळखीनं मिळते, पण तिथे मंत्री-अधिकाऱ्यांचा हक्क आधी. ऐनवेळी खोली गेली तर तक्रार कुणाकडे करणार? दुसरी जागा हाताशी असेल तरच विश्रामगृहाचा विचार करा. आणि कोणी सामान उचलायला किंवा गाडी घेऊन येतो म्हणाला तरी एका माणसाच्या वर सोबत नको.

पोचल्यावर

बॅग ठेवली, तोंड धुतलं की मुलाखतीच्या इमारतीपर्यंत जाऊन या. सकाळी ज्या वाटेनं आणि ज्या वाहनानं जायचंय तसंच जा. फाटक कोणतं, सुरक्षारक्षक कुठे थांबवतो, मोबाइल कुठे ठेवायचा, समोर चहा-नाश्त्याची सोय आहे का, हे बघा. नाश्ता जवळ मिळत नसेल तर केळी आणि राजगिऱ्याचे लाडू बरे. घरून आणलेली चटणी-भाकरी प्रवासाच्या दिवशी खा. मुलाखतीच्या सकाळी बाहेरचं तेलकट आणि अनोळखी काही नको. रविवारी लोकलनं फिरणार असाल तर मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी पाहून ठेवा.

कागदपत्रांची फाइल गाडीच्या डिकीत कधीच नाही, मांडीवर किंवा खांद्यावर. मूळ प्रती, साक्षांकित प्रती आणि फोटो एकाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, पत्रातल्या यादीच्याच क्रमानं लावा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला त्यात हवाच. मुलाखतीचे कपडेही याच हातातल्या पिशवीत. मोठी बॅग हरवली तरी मुलाखत देता आली पाहिजे.

नागपूर आणि दिल्ली

नागपूरला महाराष्ट्र एक्सप्रेसनं जायचं तर सबंध एक दिवस गाडीत जातो, म्हणून दोन दिवस आधी निघा. डिसेंबरमध्ये मुलाखत असेल तर खोली सगळ्यात आधी बघा. हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपुरात लॉज आणि विश्रामगृहं दोन्ही भरलेली असतात.

संघ लोकसेवा आयोगाची मुलाखत दिल्लीत शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये होते. मिरज-साताऱ्यावरून जाणारी गोवा एक्सप्रेस हजरत निजामुद्दीनला संपते आणि ते स्टेशन तिथून जवळ आहे. मेट्रोनं जायचं तर खान मार्केटला उतरा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेतल्या गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, त्यामुळे या दिवसांत दोन दिवसांचा मोकळा वेळ हवा. राहण्यासाठी महाराष्ट्र सदनात निवासी आयुक्तांच्या कार्यालयाकडे मुलाखतीचं पत्र जोडून लवकर अर्ज करा. नागरी सेवेच्या उमेदवारांची वैद्यकीय तपासणी मुलाखतीनंतरच्या कामाच्या दिवसापासून सुरू होते, म्हणून परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका.

परत येताना आणि खर्चाचा दावा

बेलापूरच्या किंवा पुण्याच्या मुलाखतीनंतरही परतीची गाडी संध्याकाळी सातच्या आधीची नको. कागदपत्रं तपासणीत वेळ जातो, मंडळात तुमचा क्रमांक शेवटचा असू शकतो, आणि पाचची गाडी डोक्यात असेल तर उत्तरं घाईत दिली जातात.

काही संस्था प्रवासखर्च देतात. संघ लोकसेवा आयोग बाहेरगावच्या उमेदवारांना नियमांनुसार रेल्वेच्या स्लीपर वर्गाच्या भाड्यापर्यंत परतफेड करतो. रेल्वे भरतीत अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना मोफत प्रवासाचा पास मिळतो, तो अर्ज भरतानाच मागावा लागतो. दाव्याचा फॉर्म घरूनच भरून न्या, सोबत तिकिटाची छापील प्रत आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स ठेवा. एसटीच्या मशीनमधून निघालेल्या तिकिटावरची शाई खिशातल्या उष्णतेनं आणि घामानं काही दिवसांत उडते. तिकीट हातात आल्याबरोबर त्याचा फोटो काढा आणि झेरॉक्स करून फाइलमध्ये लावा.