क्लोरीनच्या स्विमिंग पूलभोवती कोणती झाडं लावायची

अलिबाग, कर्जत, लोणावळ्याकडच्या बंगल्यांत पूल तयार झाला की झाडं निवडताना पहिली धास्ती क्लोरीनची असते. नीट सांभाळलेल्या पूलमध्ये मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतं आणि पीएच 7.2 ते 7.8. एवढं पाणी अधूनमधून वाफ्यात सांडलं तर बहुतेक झाडांना काही होत नाही, कारण मातीतल्या सेंद्रिय पदार्थांशी गाठ पडली की क्लोरीन लवकर संपतं. झाडं जळतात ती मुख्यतः क्षारांनी. आणि पूलला त्रास होतो तो पानगळीचा आणि मुळांचा. म्हणून निवड या तीन गोष्टींवर करा.

आधी टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरने, पूलचं पाणी मोजा. बागेला 450 पीपीएमपर्यंतचं पाणी निर्धोक, 2000 च्या वरचं घातक. सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) बसवलेल्या पूलमध्ये मीठच 3000 ते 4000 पीपीएम असतं. तिथे कडेचं प्रत्येक झाड खारं पाणी सोसणारंच हवं. साध्या पूलमध्येही हायपोक्लोराइट (क्लोरीनचं औषध) आणि ॲसिड घालत राहिल्याने क्षार साठत जातात, त्यामुळे वर्षभर पाणी बदललं नसेल तर आकडा पाहिल्याशिवाय रोपं आणू नका.

कडेपासून पहिला मीटरभर पट्टा फरशीचाच ठेवा. इथे लॉन आणलं तर कापलेलं गवत रोज पाण्यात. त्यापुढच्या मीटर-दीड मीटरमध्ये, जिथे मुलांच्या उड्यांचं पाणी पोचतं, तिथे स्पायडर लिलीसारखं दुसरं झाड नाही: समुद्रकाठचीच असल्याने खारं पाणी सोसते, पानं जाड, आणि जुनं पान गळून न पडता बुडाशी लोंबतं, ते कात्रीने काढता येतं. रोपांत 45 सेंटिमीटर अंतर ठेवा. जोडीला र्‍हिओ, स्नेक प्लांट आणि उन्हाच्या बाजूला चिनी गुलाब चालतो. घायपात आणि केवडा खारं पाणी सोसतात, पण अनवाणी माणसं वावरतात तिथे त्यांचे काटे नकोत. बोगनवेलही याच कारणाने बाद, शिवाय तिचे कागदी रंगीत तुकडे वर्षाचे कित्येक महिने पाण्यावर तरंगत राहतात.

दोन-तीन मीटरवर चाफा लावायचा असेल तर नर्सरीत पानाचं टोक पाहून घ्या. टोक गोलसर असेल तर तो बहुतेक सदाहरित पांढरा चाफा. टोक निमुळतं असेल तर हिवाळ्यात संपूर्ण पानगळ होणारा. पूलजवळ पहिलाच घ्या. छाटताना निघणारा चीक कातडीला झोंबतो, हातमोजे घाला. आडोशासाठी क्लुसियाचं कुंपण उत्तम: पानं मोठी, चामड्यासारखी, मोजकीच गळणारी, सहज जाळीत येणारी. मात्र दर दोन-तीन महिन्यांनी छाटून दोन मीटरच्या आत ठेवा. अरेका पाम सगळेच लावतात, पण खाऱ्या पाण्याने त्याची टोकं तपकिरी होतात; उडणाऱ्या पाण्यापासून लांब असेल तरच घ्या.

मोठ्या झाडांबाबत कडक राहा. वड, पिंपळ, उंबर, फायकसचे सगळे प्रकार आणि पसरणारा बांबू पूलच्या आसपास नकोच. मुळं पाइपांच्या सांध्यांत शिरतात, फरशी उचलतात. गुलमोहर, शिरीष, सुबाभूळ यांची बारीक पानं स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) टोपलीतून निसटून फिल्टरमध्ये जातात आणि कुजताना क्लोरीन खातात, त्यामुळे औषधाचा खर्च वाढतो. जांभूळ आणि बदाम फरशीवर डाग पाडतात. अशी झाडं जागेवर आधीच असतील तर तोडू नका, पूलची जागा बदलता येते का ते बघा. नवीन लावायची असतील तर झाडाची पूर्ण वाढ झाल्यावर जेवढी उंची होईल तेवढं अंतर सोडा आणि किनाऱ्यालगत पूलच्या पूर्वेला लावा: उन्हाळ्यात दुपारचा वारा समुद्राकडून येतो, पश्चिमेच्या झाडाची पानं थेट पाण्यात पडतात. नारळ बसण्याच्या जागेपासून पूर्ण झावळीच्या टप्प्याबाहेर हवा. कण्हेर आणि बिट्टी विषारी आहेत, लहान मुलं असतील तर लावू नका.

वाफ्याची माती पूलच्या कडेपेक्षा 15 सेंटिमीटर खाली ठेवा आणि उतार पूलपासून दूर द्या, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात लाल माती पाण्यात उतरेल. मातीवर कोकोपीट किंवा सालीचे तुकडे पसरू नका, वाऱ्याने उडतात. 40 मिलिमीटरपेक्षा मोठे गोटे टाका. बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना निघणारं, पाणी वाफ्यात कधीच सोडू नका. पूल रिकामा करायचा तर क्लोरीन घालणं बंद करून पाणी उन्हात राहू द्या, चाचणीत 0.1 पीपीएमच्या खाली आल्यावरच सोडा. क्षार मात्र तसेच राहतात हे लक्षात ठेवा.

पानांच्या कडा जळल्या तर क्षार साठलेत. निचरा चांगला असेल तर चौरस मीटरला 150 लिटर गोडं पाणी, 50-50 लिटर तीन वेळा, हळू मुरवत द्या. कोकणात पहिला जोराचा पाऊसच हे काम करतो. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर पीएच वाढून लोह मिळत नाहीये. बांधकामाचा चुना आणि सिमेंट पडलेल्या मातीत एक्झोराला हे हमखास होतं. तिथली वरची 30 सेंटिमीटर माती बदला, नुसतं लोह फवारून तात्पुरताच फरक पडतो.

खत मुळाशी खड्डा करून द्या, वरून फेकू नका. डीएपीचे दाणे पाण्यात गेले की शेवाळ फोफावतं. आणि युरिया किंवा अमोनियमचं कुठलंही खत क्लोरीनच्या डब्यांबरोबर एका खोलीत ठेवू नका: दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू आणि स्फोटक पदार्थ तयार होतात. ब्लीचिंग पावडरचं माप घेतलेला चमचा खताच्या पोत्यात चुकूनही जाता कामा नये.