मराठीतून नास्तिक, स्त्रीवादी व्हिडिओ करू पाहणाऱ्या मुलींसाठी

या कामात नव्याने येणाऱ्या मुली मला सहसा कॅमेरा कोणता घ्यावा, हे विचारतात. फोनचा कॅमेरा पुरतो. पैसे घालायचेच तर ते कॉलर माइकवर घालावेत, कारण चित्र थोडे अंधारे असले तरी लोक चालवून घेतात, पंख्याच्या घरघरीत शब्द बुडाले की मात्र व्हिडिओ बंद करतात.

खरा विचार विषयाचा करावा लागतो. देव आहे की नाही, या विषयावर कमेंटचा पाऊस पडतो, पण त्याने कोणाच्या घरात काही हलत नाही, असे माझे मत झाले आहे. एखादी प्रथा बाईच्या वाट्याला नेमकी कशी येते, हे दाखवले की श्रद्धाळू माणसेही शेवटपर्यंत ऐकतात. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक राज्य शासनाने त्याच महिन्यात काढले. त्यावर व्हिडिओ करताना दुसऱ्या एका गावातील विधवा ताई चेहरा न दाखवण्याच्या अटीवर बोलायला तयार झाल्या, म्हणून मी केवळ त्यांचे हात टिपले. मेथी निवडत त्या बोलत होत्या. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, आणि सासूबाई दारातून डोकावल्या की हात पदराखाली जात. त्या जागी मी निवेदन घातले नाही. व्हिडिओ टाकण्यापूर्वी तो त्यांना दाखवला, तेव्हा भिंतीवरचे कॅलेंडर काढायला त्यांनीच सांगितले, कारण त्यावर गावातल्या दुकानाचे नाव होते.

कायदा मुळातून वाचावा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. कीर्तन, भजन, वारी यांना तो हात लावत नाही. दैवी शक्तीच्या नावाखाली होणारी फसवणूक आणि लैंगिक शोषण मात्र त्याच्या कक्षेत येते, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. दुसरीकडे, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे व्हिडिओच्या मजकुरातील प्रत्येक विधानामागे कागद असावा आणि देवतांची टवाळी नसावी. (टवाळीने व्ह्यूज वाढतात, हे मीही जाणते.)

नास्तिक पुरुषाला लोक पुरावा मागतात, नास्तिक बाईला लग्न झाले आहे का, हे विचारतात. शिवीगाळीला उत्तर देत बसू नये. धमकी आली तर ती पुसण्यापूर्वी तारीख आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

नोकरी सोडू नये. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिले जाणे हा एक मार्ग आहे, पण तो गाठल्यावरही वादग्रस्त विषयांवर जाहिराती कमीच लागतात. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत आपले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवले. आपल्याला निदान छपाईचा खर्च नाही.