‘इनॅप्टिट्यूड’चा अर्थ आणि मूळ कसं शोधावं

हा इंग्रजी शब्द (inaptitude) ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य आधी वहीत उतरवा. मग शब्द फोडा: ‘इन’ नकाराचा, मध्ये ‘ॲप्ट’, शेवटी ‘-इट्यूड’ हा भाववाचक प्रत्यय. ‘ॲप्ट’ आला लॅटिन ‘ॲप्टस’वरून, जोडलेलं, नीट बसलेलं, म्हणून योग्य. पीयूसीनंतर, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीनंतर, ॲप्टिट्यूड टेस्ट दिलेल्या मुलांना हा भाग सांगावा लागत नाही.

खरी अडचण पुढे आहे, आणि मलाही तिथेच सगळ्यात जास्त वेळ लागला. कोशात ‘इनॅप्ट’ आणि ‘इनेप्ट’ असे दोन शब्द दिसतात. एक दुसऱ्याचं चुकीचं स्पेलिंग आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. लॅटिनमध्ये पुढे उपसर्ग लागला की आतला ‘अ’ पुष्कळदा ‘ए’ होतो. ‘ॲप्टस’चं ‘इनेप्टस’ झालं, ‘आर्स’ म्हणजे कला, तिचं ‘इनर्स’ झालं; ‘इनर्ट’ (निष्क्रिय) त्यातूनच आला. म्हणजे ‘इनेप्ट’ लॅटिनमधून तयार होऊन आला, तर ‘इनॅप्ट’ इंग्रजीने ‘इन’ आणि ‘ॲप्ट’ जोडून स्वतः घडवला. मूळ एकच, पण वाटा वेगळ्या, आणि अर्थही वेगळे झाले. प्रसंगाला न शोभणारं बोलणं इनॅप्ट. कामाची अक्कल नसलेला, हात लावील ते बिघडवणारा माणूस इनेप्ट.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांना हा फरक मी ‘अयोग्य’वरून सांगते. मराठीत ‘ही वेळ अयोग्य आहे’ म्हटलं तर कुणाला राग येत नाही. कन्नडमध्ये माणसाला ‘अयोग्य’ म्हणून बघा, ती शिवी होते. दोन्ही भाषा कानावर पडत असल्याने त्यांना लगेच कळतं.

खिशातल्या इंग्रजी-मराठी कोशावर थांबू नका. तिथे अनफिटनेस, इम्प्रॉप्रायटी, इनॅप्टिट्यूड, सगळ्यांपुढे बहुतेकदा ‘अयोग्यता’ एवढंच असतं. इम्प्रॉप्रायटीत रीत मोडलेली असते, इनॅप्टिट्यूडमध्ये अंगी कुवत नसते किंवा मेळ बसत नसतो. वाक्याला विचारा: काय बसत नाही, आणि कशात? उत्तर मिळालं की अर्थ हाती आला.

आणखी एक. ‘ॲप्ट हा आपल्या आप्तवरूनच गेला’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ते खोटं आहे. संस्कृत ‘आप्नोति’ (मिळवतो; ‘आप्त’ याच धातूतला) आणि लॅटिन ‘ॲप्टस’ यांचा धातू फार मागे एकच मानला जातो, पण त्या बहिणी आहेत, आई-मुलगी नव्हे. अशी गोष्ट कोशात तपासल्याशिवाय वर्गात सांगू नये.

शेवटी दोन्ही शब्द वापरून स्वतःची वाक्यं लिहा: शोकसभेत सांगितलेल्या विनोदाला इनॅप्ट, दोन बाह्या दोन मापाच्या शिवणाऱ्या शिंप्याला इनेप्ट. इनॅप्टिट्यूड आज क्वचित दिसतो. उत्तरपत्रिकेत त्याच्या जागी ‘अनसुटेबिलिटी’ लिहिलंत तरी चालेल.