होम सर्व्हरची डिस्क बदलताय? आधी सॉफ्टवेअर कुठलं ते नीट ठरवा

आमच्या बेळगाव-निपाणीकडं जुन्या ऑफिसच्या डेस्कटॉपवर उबंटू नाहीतर डेबियन टाकून घरचा सर्व्हर केलेले बरेच जण आहेत. त्यात लग्नाचे फोटो असतात, जमिनीचे स्कॅन केलेले उतारे असतात, दुकानाचा हिशोब असतो. डिस्क बदलायची म्हटलं की कोणीतरी लगेच सांगतो, "डीडी मार की, झालं." डीडी म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी कॉपी करणारी लिनक्सची कमांड. हा सल्ला अजिबात ऐकू नका. डीडी रिकामी जागासुद्धा कॉपी करत बसते, २ टीबीच्या डिस्कला सेकंदाला १५० एमबीचा स्पीड मिळाला तरी पावणेचार तास जातात, आणि वाचताना एक खराब सेक्टर लागला की ती तिथंच थांबते. इनपुट-आउटपुट उलटं टाईप झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते, विषयच संपला.

सॉफ्टवेअर डिस्क बघून ठरवायचं. एलएसबीएलके कमांडला 'एफ' ऑप्शन देऊन फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, कुठली ते बघा. एक्स्टी४, एक्सएफएस, एनटीएफएस असेल तर डिस्कची प्रत काढणारी क्लोनझिला, ती फक्त भरलेले ब्लॉक उचलते. तिचे मेन्यू किचकट वाटत असतील तर रेस्क्यूझिला घ्या, माऊसवर चालते आणि क्लोनझिलाच्या इमेजही (डिस्कची फाईलच्या रूपात काढलेली प्रत) उघडते. झेडएफएस असेल तर इमेजिंगच्या नादाला लागू नका, नवी डिस्क मिरर म्हणून जोडा, रिसिल्व्हर, म्हणजे जुनीतला डेटा नवीवर उतरणं, पूर्ण झालं की जुनी काढा. विंडोजवाल्यांनो, डिस्कची प्रत काढणाऱ्या मॅक्रियम रिफ्लेक्टची फ्री आवृत्ती २०२४ पासून बंद आहे, कुठल्यातरी साईटवरचा जुना इन्स्टॉलर उतरवू नका.

आता खरी अडचणीची जागा, ती म्हणजे जुनी डिस्क मरायला टेकलेली असणं. बहुतेक लोक डिस्क कुरकुर करायला लागल्यावरच बदलतात, म्हणून आधी डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल कमांड चालवा आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचायला त्रास देणारे सेक्टर) या ओळीचा शेवटचा आकडा बघा. तो शून्याच्या वर असला तर क्लोनझिला बाजूला ठेवा आणि खराब डिस्कमधून डेटा काढणारी जीएनयू डीडीरेस्क्यू घ्या. ती आधी चांगला भाग पटापट काढून घेते, अवघड जागा मागं ठेवते आणि कुठवर आलो ते एका मॅपफाईलमध्ये लिहून ठेवते. कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी, मग मॅपफाईल, हा क्रम पाठच करा. पहिल्या फेरीत 'एन' ऑप्शन द्या म्हणजे खराब जागा खरवडत बसणार नाही, दुसऱ्या फेरीत तो काढून 'आर ३' द्या. नवी डिस्क जुनीएवढी तरी पाहिजेच.

आणि ही मॅपफाईल लाईव्ह पेनड्राईव्हच्या (ज्यावरून कॉम्प्युटर चालू केला त्या) होम फोल्डरमध्ये ठेवू नका, कळकळीनं सांगतोय! तो फोल्डर रॅममध्ये असतो. खानापूरकडं पावसाळ्यात करंट कधी जाईल सांगता येत नाही, गेला की मॅपफाईलही गेली, आणि मरणारी डिस्क पहिल्यापासून परत वाचायला लावणं म्हणजे तिला संपवणंच. वेगळा पेनड्राईव्ह माउंट करा (सिस्टीमला जोडून घ्या), फाईल त्यावर ठेवा. मग करंट आल्यावर तीच कमांड परत दिली की काम राहिलं होतं तिथून पुढं सुरू होतं. इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, बदली होताना कॉम्प्युटर रिस्टार्ट होतोच बऱ्याच ठिकाणी, यूपीएस लावा.

डिस्क धडधाकट असेल तर थेट क्लोन न करता तिसऱ्या डिस्कवर इमेज काढा, आणि इमेज रिस्टोअर होण्यासारखी आहे का ते तपासू का असं क्लोनझिला विचारते तिथं कायम हो म्हणा. मग ती इमेज नव्या डिस्कवर रिस्टोअर करा.

साईझ आधीच बघून घ्या. ५०० जीबीच्या हार्डडिस्कच्या जागी ४८० जीबीची एसएसडी आणली तर क्लोनझिला नेहमीच्या सेटिंगला अडते. एक्स्टी४ असेल तर जीपार्टेड या सॉफ्टवेअरनं पार्टिशन आधी लहान करता येतं, एक्सएफएस मात्र लहान होत नाही, तिथं मोठीच डिस्क घ्या.

क्लोन झाला की जुनी डिस्क काढा आणि मगच सर्व्हर चालू करा. दोघींचे यूयूआयडी, म्हणजे सिस्टीम ज्यावरून डिस्क ओळखते ते नंबर, सारखे असतात, त्यामुळं सर्व्हर जुनीच माउंट करून बसू शकतो आणि तुम्हाला वाटतं नवी चालू आहे. नव्या डिस्कवर जास्तीची जागा दिसत नसेल तर पार्टिशन वाढवायला ग्रोपार्ट, नंतर फाईल सिस्टीम वाढवायला एक्स्टी४ ला रिसाईझ२एफएस. एलव्हीएम (पार्टिशनच्या वर जागा वाटून देणारी लिनक्सची सोय) असेल तर ग्रोपार्टनंतर पीव्हीरिसाईझ आणि एलव्हीएक्स्टेंड, आणि मग रिसाईझ२एफएस. जुनी डिस्क महिनाभर तरी कपाटात तशीच राहू दे, फॉरमॅट मारू नका.