रोबो व्हॅक्युम घेताय? आधी घरातले उंबरठे मोजा

मागच्या दिवाळीत 38,000 रुपये मोजून आम्ही घरात एक गोल चकती आणली. केर काढते, फरशी पुसते, काम झालं की आपणहून चार्जिंगला जाऊन बसते. पहिल्या दिवशी सोसायटीतली पोरं बघायला जमली. तिसऱ्या दिवशी चकती बेडरूमच्या उंबरठ्यावर पोट टेकून अडकली आणि माझ्या मोबाइलवर 'मी अडकलेय'चे मेसेज धाडत राहिली. मी तेव्हा नाशिकात कॉलेज रोडला रांगेत उभी होते.

आता इंदिरानगरपासून पाथर्डी फाट्यापर्यंत ओळखीपाळखीच्या बायका विचारतात, "घेऊ का गं?" मी म्हणते, आधी पट्टी आण.

फरशी सोडून यंत्र बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बहुतेक रोबो साधारण 2 सेंटिमीटरचा चढ पार करतात. आमचे दगडी उंबरठे साडेतीन सेंटिमीटरचे. उताराच्या रबरी पट्ट्या मिळतात, त्या आम्ही तीन दारांना लावल्याही. मग सासूबाईंना ठेच लागली आणि त्याच संध्याकाळी पट्ट्या निघाल्या. नव्या फ्लॅटमध्ये बहुधा खोल्यांना उंबरठेच नसतात, तिथे हा प्रश्न येत नाही. पंचवटीतल्या जुन्या घरात मात्र खोलीगणिक उंबरठा, म्हणजे खोलीगणिक यंत्र उचलून ठेवा.

दुसरं माप दिवाणाखालचं. डोक्यावर लेझरची टोपी असलेल्या बऱ्याच रोबोंची उंची साडेनऊ ते दहा सेंटिमीटर असते. आमच्या दिवाणाखाली जागा नऊ. ज्या धुळीसाठी यंत्र आणलं ती तिथेच मजेत आहे.

आणि काळा दगड! स्वयंपाकघराच्या दारात आमच्याकडे काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे. चकती तिच्यापर्यंत जायची आणि दचकून मागे फिरायची. आठवडाभर मला वाटलं, बिघाड आहे. पायरीवरून पडू नये म्हणून यंत्राच्या पोटाला सेन्सर असतात. ते खाली किरण सोडतात आणि परत येतात का ते बघतात. काळा दगड किरण गिळतो, यंत्राला वाटतं खड्डा आला. कधी नुसती धूळ बसूनही हेच होतं, म्हणून आधी कोरड्या फडक्याने सेन्सर पुसून बघा. सेन्सरवर चिकटपट्टी लावायचा सल्ला इंटरनेटवर मिळेल. रो-हाउसवाल्यांनो, घरात जिना असेल तर तो ऐकू नका.

देवघर मोकळं सोडणं

एका शुक्रवारी सकाळी पूजा आटोपली आणि मी नेहमीसारखं मोबाइलवरून यंत्र सुरू केलं. देवापुढे सासूबाईंनी रांगोळी घातली होती, तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं होतं. चकती रांगोळीवरून गेली ती मागे ओला मॉप ओढत. देवघरापासून टीव्हीपर्यंत गुलाबी पट्टा, तिथून वळून सोफ्यापर्यंत दुसरा. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, लक्ष्मीची पावलं काढायला आलाय की पुसायला?" मॉपच्या कापडाचा गुलाबीपणा अजून गेलेला नाही.

उपाय अ‍ॅपमध्येच आहे. घराचा नकाशा तयार झाला की देवघरासमोर 'इथे जायचं नाही' असा चौकोन आखा. जमिनीवर लोळणाऱ्या चार्जरच्या वायरी आणि पडद्यांच्या झालरींसाठीही तेच करा. स्वयंपाकघरात तेल सांडलं असेल तर यंत्र सोडूच नका. ते पुसत नाही, पसरवतं.

टाकीत फिनाईल

आपल्याला वासाशिवाय फरशी पुसल्यासारखी वाटत नाही, म्हणून मीही टोपणभर ओतलं होतं. कंपनीने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर टाकीत साधं पाणीच घाला. फेस आणि चिकटा आतल्या बारीक नळ्यांत बसतो आणि मॉपवर पाणी झिरपायचं थांबतं. बोअरचं जड पाणीही नको, त्याचा क्षार साचतो.

धूळ खेचायची ओढ कमी झाली की लोक थेट दुरुस्तीवाल्याला गाठतात. आधी ब्रश काढून त्याला गुंडाळलेले केस कात्रीने कापा. मग फिल्टर झटका. तो धुता येणारा असेल तर धुऊन पूर्ण दिवसभर वाळू द्या. ओला बसवला तर कुबट वास येतो आणि ओढ आणखी घटते. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात रस्ते खोदलेले असल्याने आमचा डबा दोन दिवसांत भरतो.

वायफायला जोडत नसेल तर बहुतेकदा कारण एकच: बरेच रोबो फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि आपला मोबाइल 5 वर असतो. राउटरमध्ये 5 तात्पुरतं बंद करा, जोडणी करा, परत चालू करा.

पास्कलला भुलणं

दुकानात पहिला आकडा ओढीचा सांगतात, 5,000 पास्कल, 10,000 पास्कल. जाड गालिचात रुतलेली धूळ उपसायला तो कामाला येतो. आपल्याकडे गुळगुळीत टाइल्स. तिथे पोह्यांचे कण आणि धूळ उचलायला साधं यंत्रही पुरतं. त्यापेक्षा ब्रश, फिल्टर, बॅटरी सुटी मिळते का आणि नाशिकात दुरुस्ती होते का, हे विचारा. आमचं एक चाक बिघडलं तेव्हा यंत्र पुण्याला गेलं आणि तीन आठवड्यांनी परत आलं. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो.

'नो-कॉस्ट' हप्त्याचंही तसंच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलंय. रोख घेतल्यावर किती सूट देता, हे विचारून बघा. हप्त्यात तीच सूट गायब झालेली दिसेल. क्रेडिट कार्डावर व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी.

मग घ्यावा का? आमच्या मावशी केर-फरशीचे महिन्याला 1,200 घेतात. त्या हिशेबाने 38,000 फिटायला अडीच वर्षांहून जास्त लागतील, तेही मावशींना बंद केलं तर. आणि बाल्कनी, जिना, बाथरूम यंत्र करत नाही. घरात कुत्रं-मांजर असेल, गुडघ्यांमुळे वाकता येत नसेल, फरशी सपाट असेल, तर मी म्हणेन घ्या, पण वीस हजारांच्या आतलं. केवळ मावशींना सुट्टी देता येईल या आशेवर घेत असाल तर राहू द्या.

आमच्या मावशींनी पहिले दोन महिने त्याच्याकडे बघितलंही नाही. आता हॉल झाला की त्याच त्याला पायाने हलकेच लोटून उंबरठ्यापलीकडे घालतात, आणि म्हणतात, "चल बाबा, पुढची खोली."